कबरीच्या पानावरची जाहिरात

श्रीरामपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या एकूण एक कबरीचं पान एंजेलाबाईंनी आपल्या वेबसाइटवर टाकलं होतं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! खुपायच्या त्या फक्त आपोआप लागणाऱ्या, भलत्याच व्हिडिओ जाहिराती. मरियाआजी नवऱ्याचं पान बघायला आल्या, तर त्यावर भर मे महिन्यात कानटोपीची आली.

"बंदच करते या," बाई ओशाळल्या.

"ऱ्हाऊ दे, बाई. सपनात येऊन लई कुडकुडत्यात हे," आजी म्हणाल्या.

बाईंनी इतर पानं पाहिली. शिंप्याच्या पानावर सुया, आंधळ्या पेटीवादकाच्या पानावर चष्मा. जाहिराती पान बघणाऱ्यांसाठी नव्हत्याच, कबरीतल्यांसाठी होत्या. अशी वेबसाइट जिल्ह्यात दुसरी नाही!

त्याच तोऱ्यात त्यांनी परवाच माती दिलेल्या भावाचं, जेम्सचं पान उघडलं.

कुलपाची जाहिरात लागली. बाहेरून बंद असलं, तरी आतून उघडणारं.