चारचा चहा

"पुढचे सहा महिने कुणालाही काढणार नाही. पण पगार सगळ्यांचेच कमी होतील. तुमचे दहा टक्के, माझा निम्मा," भट्टीसमोर उभी राहून मी सांगितलं. ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणाऱ्या माझ्या फाउंड्रीला मंदीने घेरलं होतं. माणसं कमी करा म्हणणाऱ्या सल्लागाराला मी सकाळीच वाटेला लावलं होतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी पुढचं सांगितलं, "आणि उद्यापासून कंपनीचा चारचा चहा बंद."

एकदम गलका झाला. साचे भरणारे शामराव चौगुले पुढे आले. "वहिनी, पगार कापा. बाजार आम्हालाबी दिसतोय. पण चहा न्हाई बंद व्हायचा. दिवसभर आम्ही साच्यात मान घालून असतोय. एकमेकांचं तोंड चार वाजताच दिसतं."

"चहाला वर्षाला किती खर्च येतो, ठाऊक आहे?" मी आवाज चढवला आणि केबिनमध्ये निघून आले. एकदा बंद म्हणजे बंद.

दुसऱ्या दिवशी चारचा भोंगा वाजला आणि आल्याचा वास थेट केबिनमध्ये शिरला. तरातरा बाहेर येऊन पाहते तर स्टोव्हवर पातेलं उकळत होतं. कुणी घरून साखर आणली होती, कुणी दूध. मी काही बोलायच्या आत शामरावांनी पहिला कप माझ्या हातात दिला.

"घ्या वहिनी. तुमचा पगार निम्मा झालाय. मंदी सरंपर्यंत तुमचा चहा आमच्याकडनं."