कडेचा माणूस

"ही पन्नास एमएमची घ्या," दुकानदार म्हणाला. "नवशिक्याच्या हाताला हिच्यासारखी गुणी लेन्स नाही. चेहरा जसा असेल तसा येतो."

"जसा असेल तसा नकोय," समोरची बाई म्हणाली. सासरी तिला सगळे धाकटी म्हणत. काउंटरवर मांडलेल्यांपैकी सगळ्यांत बुटकी लेन्स तिनं उचलली होती.

"ती वाइड आहे. खोली लहान आणि माणसं फार, तर कामाला येते. पण मधला माणूस ठीक राहतो आणि कडेचा फाकतो. डोक्याचा पार भोपळा! नवे लोक हीच चूक करतात, नि मग नातेवाइकांच्या शिव्या खातात."

"लावून बघू द्या."

तिनं दुकानदारालाच कपाटाशी, फोटोच्या चौकटीत अगदी कडेला येईल असं उभं केलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बिचारा आडवा पसरला होता. एक गाल दुसऱ्याच्या दीडपट. धाकटी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

कॅमेरा थोरल्या जाऊबाईंनीच भेट दिलेला. "आता कायम फोटो तूच काढ गं. तुझ्या हाताला वळण आहे. आणि तू काय, घरचीच!" बारा वर्षं ती घरचीच होती. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं तिनं केलं, आणि त्यांचा हात हातात घेऊन फोटोत बसल्या जाऊबाई. सासरे गेले. त्यांच्यासोबत धाकटीचा एक फोटो नाही, औषधालासुद्धा नाही. तो राग तिनं आजवर गिळला होता, पण पचला नव्हता. रविवारी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशीचा फोटो मोठा करून बैठकीच्या भिंतीवर लागणार होता.

"हीच द्या," ती म्हणाली.

"अहो ताई, लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. सांगेन, नवीन आहे, शिकतेय."

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "कडेला कोण उभं राहणार आहे?"

"थोरल्या जाऊबाई. मी म्हणेन तिथं उभं राहावंच लागतं, कॅमेरा माझ्या हातात असला की."

मग त्यानं पन्नासची लेन्स पुन्हा तिच्यापुढं सरकवली आणि कॅमेऱ्यावरचं एक बटण दाखवलं.

"हा टायमर. दाबलात की दहा सेकंद मिळतात. झटकन जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभ्या राहा. तुम्हीही याल फोटोत. त्यांचंही वय झालंय, ताई."

धाकटी त्या बटणाकडे बघत राहिली. तिनं बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं.

"नको," ती म्हणाली. "मी कॅमेरा सोडला, की दहा सेकंदांत जाऊबाई परत मधे."