रातराणी

"हा टकल्या हरणार बघा," हे माझ्या कानाशी कुरकुरले.

टीव्हीवरचा टकल्या म्हणजे हेच, निवृत्तीच्या वर्षातले. हल्ली यांना माणसं आठवत नाहीत, निदान स्वतःला तरी ओळखतील म्हणून लेकीनं आमचा जोडप्यांच्या चित्रकोड्यांचा जुना कार्यक्रम लावला होता.

पडद्यावर रात्रीचं आभाळ, त्यात चंद्र आणि शेजारी मुकुटवाली राणी. हिरव्या साडीतली मी यांच्या कानात कुजबुजले, "रातराणी." पदराला लावलेल्या माइकमुळे ते स्पष्ट ऐकू आलं. यांनी मला कोपरानं गप्प केलं आणि ठणकावून सांगितलं, "चंद्रराणी!" गेलं बक्षीस.

"ही मध्येच बडबडली म्हणून हरलो," हे त्यानंतर प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचे. पाहुण्यांनीही तो कार्यक्रम पाहिलेला असायचा. तरी सगळे हसायचे, लेकसुद्धा. मी चहा टाकायला उठायचे.

आता हे स्वतःच्या टकलावरून हात फिरवत माझ्याकडे वळले.

"पाहिलंत ना, बाई? त्याची बायको बरोबर सांगत होती. गाढवानं ऐकलं नाही."