न नासणारं औषध

काल दुपारी घरात आल्यापासून उत्कर्षनं पुतणीला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. सत्यभामाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. एरवी पुण्याहून आला की चपला काढायच्या आधी हा शिवांजलीला कडेवर घेणार, तिच्या फुगलेल्या पोटावर बोटं टेकवून बघणार, मग गालाचा मुका. काल पोरगी 'काका, काका' करत उंबऱ्यापर्यंत गेली, तर हा मोबाइल कानाला लावून गोठ्याकडं निघून गेला. पोरगी तिथंच चौकट धरून उभी राहिली. आधाराशिवाय तिला फार वेळ उभं राहवत नसे, हाडं ठणकायची.

सकाळी मात्र तो आपणहून भट्टीपाशी येऊन बसला. बाई खव्याच्या कढईपुढं होत्या. उद्या उत्कर्षच्या लग्नासाठी तुळजापूरचे मुलीकडचे लोक घर बघायला येणार, म्हणून गुलाबजामचा खवा त्या स्वतः काढत होत्या. दूध आटायला आलं की उलथन्याचा हात थांबवायचा नसतो, थांबला की खाली धरतं. सासरी आल्यापासून आपल्या कढईला कधी खाली लागलं नाही, हे त्या गावाला ऐकवतही असत.

"आई, जरा बोलायचं होतं."

"बोल की. हात गुंतलाय, कान मोकळं हायेत."

"शिवांजलीला दोन दिवस तेरखेड्याला पाठवू. आजोळी. वहिनी पण जाईल सोबत. तेवढाच पोरीला बदल."

"बदल पोरीला का पाव्हण्यांना?"

उत्कर्ष भट्टीतल्या जाळाकडं बघत राहिला. "समजून घे ना. घराण्यातला आजार म्हटलं की लोक बिचकतात. मुलगी चांगली आहे. एकदा लग्न होऊ दे, मग मीच सांगतो सगळं."

शिवांजलीच्या अंगात एक रस जन्मापासून नीट तयारच होत नव्हता. डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणत. त्यानं जिरवायची ती चरबी पोटात, हाडांत साठत जायची. दर पंधरवड्याला सोलापूरला नेऊन तो रस सलाइनमधून द्यावा लागे. औषध मोठं नाजूक. बर्फाबाहेर ठेवलं की वाया, आणि रक्तात गेलं तरी तिथं टिकत नसे. उत्कर्ष पुण्याच्या प्रयोगशाळेत तेच औषध टिकाऊ करत होता. त्याची घडण इथं थोडी, तिथं थोडी बदलायची आणि बघायचं, उन्हात तगतंय का, रक्तात राहतंय का. "म्हंजी दुधाचा खवा करायलास," बाई म्हणाल्या होत्या, तेव्हा तो खूश होऊन हसला होता.

गेल्या महिन्यात मोठ्या सभेत त्याचं भाषण झालं. मागच्या पडद्यावर शिवांजलीचा फोटो, भिंतीएवढा. 'हिच्यासाठी हे काम हाती घेतलं. आता औषध उन्हातही नासत नाही,' असं तो म्हणाला आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी ते मोबाइलवर अख्ख्या गल्लीला दाखवलं होतं.

"पडद्यावर दावलीस तवा कुणी बिचकलं न्हाय," बाई म्हणाल्या.

"ते वेगळं, आई. ते शास्त्रज्ञ होते."

"आन् हे सोयरे. व्हय?"

बाईंचा हात कढईत फिरत होता.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या हुत्या, रणधीरच्या अंगात अर्धा दोष हाय आन् त्याच्या बायकोच्या अंगात अर्धा. दोघांचा मिळून पोरीत पुरा उतरला. रणधीर तुझा सख्खा भाऊ. तुझं रगत तपासलंस?"

"तपासलं."

"मग?"

"आहे माझ्यातही. अर्धाच. मला त्यानं काही होत नाही."

"तुला न्हाय रं. त्या तुळजापूरच्या पोरीत बी असला तर?"

"फार क्वचित असतो तो."

"रणधीरच्या येळंला बी क्वचितच हुता." बाईंनी कढईची कड खरवडली. "थोडं रगत घेतलं की कळतंय, असं तूच म्हणला हुतास. मग घे की तिचं."

"मागितलं तर कशाला म्हणून विचारतील."

तेवढ्यात मागच्या दारात शिवांजली दिसली. भिंतीला धरत धरत आली होती. अंगात उद्यासाठी आणलेला नवा झगा, पाठीची बटणं उघडीच.

"आज्जी, मला न्हाय जायचं आजोळी. आई पिशवी भरायलीय. काकानं कालच सांगितलंय म्हणं तिला."

बाईंचा हात थांबला.

त्यांनी लेकाकडं बघितलं. तो उठून उभा राहिला, खिशातला मोबाइल बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. कढईतून धूर निघायला लागला. करपल्याचा वास भट्टीवरून अंगणात आला, तशी शिवांजलीनं नाकावर झग्याची बाही धरली.

"आई, खाली लागतंय," उत्कर्ष म्हणाला.

"लागू दे." बाईंनी उलथनं बाजूला ठेवलं, पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीची बटणं लावू लागल्या. "पोरगी उद्या माझ्या मांडीवर बसंल. पाव्हण्यांना म्या सांगीन सगळं, तुझ्या रगतासकट. मग लेक द्यायची का न्हाय ते त्यांचं ते बघतील."

शेवटचं बटण लावून त्यांनी वर बघितलं.

"तुझं औषध उन्हात नासत न्हाय म्हणं. तू सावलीत नासलास, लेकरा."