वर्षभराचं काम

टेबलावर तीन पुस्तकं होती: कॅथलिक धर्माची ओळख, एका संताचं चरित्र आणि प्रश्नोत्तरांचं एक. मी पहिल्याच्या बाराव्या पानावर होते आणि त्यात माझ्या शंकांच्या नऊ चिठ्ठ्या होत्या.

"सावकाश वाच," पुस्तकं देताना फादर म्हणाले होते. "बाप्तिस्मा घ्यायचंच ठरलं, तरी निदान वर्ष जाईल."

बाबांनी तिन्ही पुस्तकं दाराबाहेर भिरकावली.

"बाबा, मी नुसती वाचतेय. मला अजून पटलेलंही नाही."

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हणत त्यांनी आत्याला फोन लावला. "ताई, आमची कार्टी ख्रिस्ती झाली. आजपासून ती आम्हाला मेली."

फादरांच्या हिशेबाने मला ख्रिस्ती व्हायला वर्ष लागणार होतं.


बाबांनी ते काम जेवणाआधी उरकलं.