ज्याचं टॅपेट त्याच्या जागी

"चार नंबरचा उंचवटा पार झिजलाय," म्हणत मेकॅनिक देवाप्पाने जुन्या ट्रकच्या इंजिनातून काढलेला कॅमशाफ्ट टेबलावर ठेवला. शेजारी आणखी दोन होते. एक घासून नीट केलेला, दुसरा कोरा करकरीत.

ट्रकचे मालक योगीराज महादेवपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून तापूनच गॅरेजात आले होते. "घासलेला चालेल का, तेवढं सांगा. आणि हे झालं कशानं? यानं ऑइल बघितलं नसणार."

'यानं' म्हणजे ड्रायव्हर रघुनंदनने. बारा वर्षं तो हाच ट्रक चालवत होता. आता दाराशी खाली मान घालून उभा होता.

"असेल शेठ. एखाद्या दिवशी राहिलं असेल बघायचं," तो पुटपुटला.

"मग उद्यापासून दुसरीकडं काम बघ."

ऑइल व्यवस्थित होतं, सकाळी देवाप्पानेच पाहिलं होतं. गेल्या दिवाळीत याच इंजिनाचं काम करताना त्याने कॅमच्या उंचवट्यांवर टेकून चालणारी टॅपेटं अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबराने मांडली होती. जे टॅपेट ज्या उंचवट्यावर चालून मुरलं, ते तिथेच परत बसलं पाहिजे, नाहीतर उंचवटा झिजतो, हे तो गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. आणि त्याच्याच कोपराने ट्रे खाली पडला. सणाची घाई होती. टॅपेटं त्याने अंदाजाने बसवली आणि करून सवरून नामानिराळा राहिला.

"नवाच घालू," तो म्हणाला. "टॅपेटं पण सगळी नवी." चांगला कॅम निवडला की मन हलकं होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"सरी, तसंच करा," म्हणून योगीराज आपल्या गाडीकडे निघाले.

रघुनंदनने टेबलावरचा झिजलेला कॅम उचलला. "अण्णा, हा मी घेऊन जाऊ? घरात डोळ्यासमोर ठेवतो. दुसरीकडं लागलो तर असली चूक परत नको व्हायला."

देवाप्पाला त्याच्याकडे बघवेना. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. देवाप्पाने कॅम त्याच्या हातातून काढून घेतला.

"हा माझ्या भिंतीला लागणार, रघू," तो म्हणाला, आणि कॅम तसाच हातात धरून योगीराजांच्या गाडीला आडवा गेला.