पोत्याची गाठ

"कुणीतरी हात घाला की," अपेक्षा मॅडम म्हणाल्या.

कुणी जागचं हललं नाही. एरवी मोटारसायकलवर दोन्ही हात सोडून मोंढ्याच्या बाजारातून मिरवणारी मंडळी एकाएकी खिशात हात घालून उभी राहिली. परभणीच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये नवं प्रेस मशीन आलं होतं, पेरणीयंत्राचे पत्रे कापायला. मशीनसोबत पुण्याहून आलेल्या अपेक्षा मॅडमनी सकाळपासून तीनदा समजावून सांगितलं होतं. मशीनच्या तोंडाशी उजेडाचा न दिसणारा पडदा आहे, त्यात हात गेला की वरचा ठोकळा जागीच थांबतो. पुठ्ठा घालून दाखवूनही झालं होतं. पण पुठ्ठा वेगळा आणि हात वेगळा.

नागेश फोरमन होता. खरं तर पहिला हात त्याचाच जायला हवा होता. तो दोन पावलं मागं सरला.

"मॅडम, आन कुणी ह्याला काई बांधून ठिवलं तर?"

"बांधायला इथं आहेच काय? उजेडाला कोण गाठ मारणार?"

सगळे हसले. नागेशला हसता आलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी ह्याच जागी जुनं मशीन होतं. त्याला दोन बटनं. दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबल्याशिवाय ठोकळा खाली यायचा नाही. हात बटनांवर असले म्हणजे हात शाबूत, इतकी साधी गोष्ट. पण त्यानं काम रेंगाळायचं. म्हणून एके दिवशी सकाळच्या पाळीत नागेशनं उजवं बटन सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधून टाकलं. त्याचा बाप मोंढ्यात हमाल होता. पोत्याला मारायची त्याची एक खास गाठ होती, ओढावी तशी आवळणारी. ती त्यानं फक्त आपल्या दोन पोरांना शिकवली होती. नागेशनं तीच मारली. दुपारी दोनला ताडकळसची एसटी चुकेल म्हणून तो पळाला आणि पट्टी सोडायची राहिली. दोनच्या पाळीला त्याच मशीनवर त्याचा धाकटा भाऊ आला, सिद्धोधन. पहिलाच पत्रा उजव्या हातानं सरळ करताना त्याचा डावा हात दुसऱ्या बटनावर टेकला.

नागेश दवाखान्यात पोचला तेव्हा बोलणं होऊन गेलं होतं. बटन कुणी बांधलं, असं मालकांनी विचारल्यावर सिद्धोधन म्हणाला होता, "मीच." गुंगीत बोलला असेल, असं नागेशनं स्वतःला समजावलं. उद्या खरं सांगू, म्हणाला. मग परवा. मग सिद्धोधन गेटवर वॉचमन झाला, नागेश फोरमन झाला, आणि सांगायचं ते घशातच राहिलं. रोज दोघं एकाच गाडीवर ताडकळसहून यायचे. मागं बसलेल्या भावाचा एकच हात नागेशच्या खांद्यावर असायचा. खड्डा आला की तो हात घट्ट व्हायचा. नागेश जेवत होता, झोपत होता, पोरीचं लग्नही त्यानं थाटात केलं. पण तो हात खांद्यावर पडला, की रोज सकाळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मी घालतो."

गेट सोडून सिद्धोधन आत आला होता. अपेक्षा मॅडमची नजर त्याच्या रिकाम्या उजव्या बाहीवर गेली आणि त्या गडबडल्या.

"अहो, तुम्ही नका..."

"असू द्या मॅडम. एकच उरलाय, तेवढा नीट थांबवा म्हंजे झालं."

मशीन सुरू झालं. ठोकळा खाली सुटला. सिद्धोधननं डावा हात आत घातला आणि नागेशनं डोळे मिटले. खट्ट आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा ठोकळा वीतभर वर अडकून उभा होता. खाली सिद्धोधनची पाची बोटं धडधाकट होती. तो ती उलटीसुलटी करून बघत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"लय भारी हाय की," सिद्धोधन म्हणाला. मग हळूच, जणू मशीनशीच बोलावं तसं, "आधी यायला पायजे होतं बाबा तू."

नागेशला ते सहन झालं नाही.

"मालक," तो मागं उभ्या असलेल्या दिनकररावांकडे वळला. "ते बटन सिद्धोधननं न्हाई बांधलं. मी बांधलं होतं. सोडायचं राहिलं माझ्याकून. नऊ वर्षं झाली, बोललो न्हाई."

टाळ्या थांबल्या. नागेशची मान खाली गेली. नोकरी गेली तर जाऊ दे, पण संध्याकाळी गाडीवर मागं आता कोण बसणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

सिद्धोधननं शर्टाच्या खिशातून ओळखपत्राचं पाकीट काढलं. ते दातात धरून त्यानं दोन बोटांनी आतून काहीतरी ओढलं. काळ्या ट्यूबची पट्टी होती ती. वाळून कडक झालेली, एका बाजूनं ब्लेडनं कापलेली. गाठ मात्र जशीच्या तशी होती.

"त्याच दिवशी वळखली, दादा," तो म्हणाला. "ही गाठ आपल्या दोघांलाच येती. आन मी तर मारली नव्हती."

सिद्धोधननं नागेशचा हात उघडला आणि पट्टी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"आता तूच सोड ही. लय खटपट केली, एका हातानं सुटत न्हाई."